स्टेपनी उजवीकडं

तांगडेवस्ती, पाचोडजवळ
१४ नोव्हेंबर १९८८

प्रिय जाहेदा,

काल जे पाहिलं ते आधी तुला सांगायचं आहे, म्हणून घाईनं लिहिते आहे. अक्षर वाईट आलं तर समजून घे.

बाजार करून मी पाचोडच्या फाट्यावर उभी होते. समोरून एक जीप गेली. आत चौदा-पंधरा माणसं आणि मागच्या बंपरवर आणखी चार. खड्डा आला, जीप उडाली, आणि चारांची तीन झाली. चौथा माणूस रस्त्याच्या मधोमध बसला होता. तोंडातून रक्त येत होतं. त्याची एक चप्पल बंपरवरच अडकून जीपबरोबर निघून गेली होती, आणि तो लोकांना म्हणत होता, "अरे, माझी चप्पल थांबवा!" लोक हसले, जाहेदा. मी उभी राहून पाहत होते आणि लोक हसत होते.

घरी आले तर दारात तसलीच एक जीप उभी. आमची.

दादांची जीप तुझ्या ओळखीची आहे. मिलिटरीच्या लिलावातली, फोरव्हील. आमच्या नाल्यातून आणि काळ्या मातीच्या रस्त्यातून दुसरी कोणतीही गाडी निघत नाही, म्हणून दर गुरुवारी वस्तीवरच्या बाया भाजी आणि मोसंबी घेऊन तिच्यातूनच औरंगाबादला जातात. मी दादांना विचारलं, "तुमच्या जीपला मागं कुणी लटकतं का?" ते म्हणाले, "मला काय म्हाईत? आरशात बघावं तर नुसता टायर दिसतो."

खरंच आहे. स्टेपनी मागच्या फाळक्यावर मधोमध लावलेली आहे. ताडपत्रीच्या हुडाची मागची खिडकी तिच्यामागं पूर्ण झाकून जाते. शिवाय तिच्या ओझ्यानं फाळक्याला वीतभर तडा गेला आहे, आणि बंपर इतका खाली आहे की नाल्याचा चढ चढताना जमिनीला घासतो. म्हणजे सगळंच बदलायला हवं. दादा म्हणतात, पोरी, बी.ए. झालीस म्हणून जीपचंही कळायला लागलं का? मी म्हटलं, पडणारा माणूस कळायला बी.ए. लागत नाही.

दाऊदचाचांना विचार. त्यांच्या वर्कशॉपमध्ये कोणकोणत्या तऱ्हेचे मागचे बंपर आणि स्टेपनीचे कॅरिअर होतात ते सविस्तर कळव. मला असा बंपर हवा आहे ज्यावर कुणाला उभंच राहता येणार नाही. आणि दादांना आरशात मागचा रस्ता दिसला पाहिजे.

खालांना सलाम.

तुझी,
संजीवनी

*

चिकलठाणा
२१ नोव्हेंबर १९८८

प्रिय संजू,

तुझं पत्र अब्बांना वाचून दाखवलं. चप्पलवाल्यापाशी ते हसले, मग लोक हसल्याचं तू लिहिलं आहेस ते ऐकून पुढचं वाच म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते लिहिते. स्टेपनी तीन ठिकाणी बसते. एक, आता आहे तशी फाळक्यावर मधोमध. मागून जाड पट्टी मारली की तडा वाढत नाही. दोन, बंपरवरच एक खांब उभा करून त्याला बिजागरीचा हात; स्टेपनी एका बाजूला राहते, सामान चढवताना हात दारासारखा उघडायचा आणि चालताना कडी लावायची. तीन, पुढं बॉनेटवर. पण त्यानं पुंजारामकाकांना, तुझ्या दादांना, पुढचा रस्ता दिसायचा नाही, मग मागचा दिसून उपयोग काय?

अब्बांचं मत, म्हणजे माझंही, की मधोमधच राहू द्या. बिजागरीचा हात डांबरी रस्त्याला ठीक. तुमच्या रस्त्यावर सहा महिन्यांत खुळखुळायला लागेल.

बंपरचं म्हणशील तर चपट्या लोखंडी चॅनलचा करावा, वर ठिपक्यांचा पत्रा मारावा, म्हणजे पाय घसरत नाही. आणि एक हँडल असावं. तू चिडशील, ठाऊक आहे. पण लोक उभे राहायचे ते राहतातच, संजू. मग निदान पडू तरी नयेत.

आरशाचं इतकं मनावर घेऊ नकोस. काकांनी इतकी वर्षं टायर बघतच जीप चालवली, काय बिघडलं?

सारजामावशी कशा आहेत? अम्मी त्यांची आठवण काढते.

तुझी,
जाहेदा

*

तांगडेवस्ती
२६ नोव्हेंबर १९८८

प्रिय जाहेदा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. हँडल? तू, जी कॉलेजात माझ्याबरोबर रस्ता सुरक्षेच्या निबंध स्पर्धेला बसली होतीस, ती म्हणतेस लटकणाऱ्यांना हँडल द्या? चोर येतातच म्हणून कुणी दाराला कडी लावायचं सोडत नाही.

"काय बिघडलं" असं तू लिहावंस याचा मला फार धक्का बसला. बिघडेपर्यंत थांबायचं का?

मी ठरवलं आहे. चाचांना सांग: स्टेपनी बिजागरीच्या हातावर, उजव्या बाजूला. खिडकी पूर्ण मोकळी. बंपर गोल पाइपचा, तोही सध्यापेक्षा वीतभर वर, म्हणजे नाल्यात घासणार नाही आणि कुणाचा पाय ठरणार नाही. पत्रा नको. हँडल मुळीच नको. बिजागरी खुळखुळली तर मी स्वतः दर महिन्याला तिला तेल घालीन.

दादा शुक्रवारी, २ तारखेला जीप वर्कशॉपवर सोडतील.

माय बरी आहे. खाला तिची आठवण काढतात हे सांगितलं तर मान खाली घालून भाकरी थापत राहिली. खालांची आणि तिची भेट माझ्या पदवीदानाच्या दिवशी एकदाच झाली, तरी एवढी आठवण! तुझी अम्मी मनानं फार मोठी आहे.

तुझी,
संजीवनी

*

चिकलठाणा
६ डिसेंबर १९८८

संजू,

जीप तयार झाली. काका उद्या घेऊन जातील. स्टेपनी उजवीकडं, बंपर गोल, खिडकी स्वच्छ. काकांसाठी अब्बांनी ताडपत्रीचं जुनं प्लास्टिक काढून नवं लावलं आहे. आतल्या आरशात आता मागची अख्खी दुनिया दिसते.

एक गोष्ट तू सांगितली नव्हतीस ती मी करायला लावली. स्टेपनीच्या खांबाला आतल्या बाजूनं लोखंडी हँडल आहे. दोर बांधायला. भांडायचं असेल तर नंतर भांड.

आणि सारजामावशींना माझा एक निरोप दे. गुरुवारच्या आत दे, विसरू नकोस. म्हणावं, जाहेदा म्हणाली, खिडकी मोकळी झाली आहे. एवढंच. त्या समजतील.

जाहेदा

*

तांगडेवस्ती
११ डिसेंबर १९८८

जाहेदा,

तुझं पत्र काल, शनिवारी मिळालं. निरोप गुरुवारच्या आत द्यायचा होता. गुरुवारी काय झालं ते मी लिहिते आहे, आणि लिहितानाही ते खरं वाटत नाही.

मी सातवीच्या वर्गावर होते. आमच्या वस्तीवरचे कडूबा सायकल हाणत शाळेत आले आणि दारातूनच ओरडले, "संजीवनी, चल. तुझी माय जीपवरून पडली." मी म्हटलं, माय जीपमध्ये कशाला बसेल? ते म्हणाले, "मधी नाय, मागं."

दवाखान्यात पोचले तर डॉक्टर मायच्या मनगटाला प्लास्टर करत होते. दादा बाहेर पायरीवर बसलेले, दोन्ही हात मांडीवर उताणे, कुणी काढून ठेवल्यासारखे. भोवती जीपमधल्या साऱ्या बाया. वच्छलाबाई भाजीवालीनं मला सांगितलं ते असं.

जीप नाल्यातून वर आली. दादा खुशीत होते, म्हणत होते, "लेकीनं काय आरसा केलाय, गाव दिसतंय माघारी." आरशात खिडकी होती, आणि खिडकीत मायचं तोंड होतं. पदर दातात धरलेला, डोळे मिटलेले, वाऱ्यावर. दादांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मायचा पाय गोल पाइपवरून निसटला. एका हातानं तिनं हँडल धरून ठेवलं, म्हणून ती चाकाखाली न येता तिथंच लोंबकळली. हात तेवढा पिळला.

दादा खाली उतरले, तिच्याकडं पाहिलं, आणि बांधावर बसले. "ही हितं कशी?" एवढंच म्हणत होते. वच्छलाबाई म्हणाली, "आजची न्हाय पुंजाराम, तीन वर्सं झाली. मिटा तोंड, माशी जाईल."

तीन वर्षं, जाहेदा! नाल्यापाशी जीप हळू होते तेव्हा चढायची. वाटेत आडूळला दादा चहा प्यायला उतरले की बाभळीच्या आड उभी राहायची. संध्याकाळी नाल्यापाशीच उतरून शेतातून आडवाटेनं घर गाठायची, आणि दादा दारात येईपर्यंत चूल पेटलेली. अख्ख्या जीपला ठाऊक होतं. कडूबांना ठाऊक होतं. घरातल्या दोघांना तेवढं नव्हतं.

"कुठं जात होतीस?" मी विचारलं. माय म्हणाली, "इमानाला." त्यापुढं तोंड उघडत नाही. दादा म्हणाले, "आजपासून तुझं जाणं बंद." मीही तेच म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ती मेली असती.

तो गोल पाइप मी निवडला होता, जाहेदा. कुणाचा पाय ठरू नये म्हणून. मला अन्न जात नाही.

तुला हे ठाऊक होतं का? विमान म्हणजे काय? एका शब्दानंही खोटं लिहू नकोस.

संजीवनी

*

चिकलठाणा
१६ डिसेंबर १९८८

संजू,

ठाऊक होतं.

काका दर गुरुवारी जाता-येता आमच्या वर्कशॉपवर हवा बघायला थांबतात, अब्बांबरोबर चहा घेतात, तुला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी ते चहा पीत असताना एक बाई मागच्या दारानं आमच्या अंगणात आली आणि अम्मीला म्हणाली, "बाई, हितून इमान दिसतं का?" अम्मीला वाटलं, वाट चुकली. मावशी म्हणाल्या, "न्हाय, वाट बराबर हाय. मालकाला इचारलं तर म्हनले, इमान बघून पोट भरतं का? म्हून माझी मी आले."

आमच्या गच्चीवरून विमानतळाची भिंत दिसते. दुपारचं विमान आमच्या पाण्याच्या टाकीवरूनच उतरतं. अम्मीचा जन्म गेला इथं, तिनं कधी मान वर केली नव्हती. त्या दिवसापासून दोघी गुरुवारी गच्चीवर बसतात. मोसंबी सोलतात. विमानाला उशीर झाला तर अम्मी दुआ मागते आणि मावशी पदराची गाठ घट्ट करतात. चाकं जमिनीला लागली की मावशी म्हणतात, "आलं बाई सुखरूप." आत कोण आहे, कुठून आलं, दोघींना काही घेणंदेणं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली. तू तेव्हा हॉस्टेलवर होतीस. एकदा गच्चीवरून त्यांनी विचारलं, "संजूचं कालेज कुन्या अंगाला?" मी बोटानं दाखवलं. खूप वेळ तिकडं बघत होत्या. पण आल्या नाहीत.

म्हणून मी म्हणत होते स्टेपनी मधोमध राहू दे, पत्रा लाव, हँडल लाव. बिजागरी खुळखुळते हे खरं होतं, पण ते कारण नव्हतं. मी सरळ लिहायला हवं होतं. शपथ मोठी की मनगट, हे मला वेळेवर कळलं नाही. माफ कर.

पण एक विचारते. पडू नये म्हणून पाइप गोल केलास, ते समजलं. "तुझं जाणं बंद" हे काकांनी म्हटलं, तेही समजलं. तू का म्हणालीस? तुझ्याच दादांना सगळे म्हणत होते, पोरीचं शिकायला जाणं बंद करा. तेव्हा रात्रभर रडून मला पंधरा पानांचं पत्र कुणी लिहिलं होतं?

अम्मी काल गच्चीवर एकटीच बसली. विमान आलं. तिनं मोसंबी सोलली नाही.

जाहेदा

*

तांगडेवस्ती
२६ डिसेंबर १९८८

(खालांसाठी. माय सांगते आहे, मी लिहिते आहे. तिनं बजावलं आहे की एक शब्द गाळायचा नाही. खालांना वाचून दाखव. – सं.)

कमरुन्निसाबाईला सारजाबाईचा रामराम.

हात बरा हाय. खाजतो लई. डाव्या हातानं भाकर थापते, ती नकाशावानी होती.

गुरवारी इमान येळेवर आलं का? हितं आभाळ होतं, म्हून मला वाटलं उशीर झाला आसंल. तुम्ही मोसंबी खाल्ली न्हाय आसं जाहेदानं लिवलं, ते बरं न्हाय केलं.

पोरगी समोर बसून लिवती हाय आन् रडती हाय. पुसते आन् लिवती. तिला वाटतं, मी तिच्या शिक्षनापायी बंपरवर लटकून येत व्हते, डबा द्याया, न्हायतर लांबून बघाया. तिचं मन मोडायला नगं म्हून गप बसले व्हते. पन खरं सांगते. मी इमानाला येत व्हते. तुमच्याकडं येत व्हते. तिच्या कालेजच्या हाटेलावर गेले आसते तर तिनं पयलं काय इचारलं आसतं? "कशी आलीस?" आन् मंग दुसरं, "पुन्हा येऊ नको." दोन सवाल मला नगं व्हते. लिही, संजू. थांबली का? लिही म्हनते ना.

आनि बंपरवर मला दुख व्हतं आसं कुनी समजू नगा. घरात माझ्या म्होरं सदा कुनीतरी आसतं. सासरा व्हता, मालक हाय, आता लेक हाय, शिकल्याली. चढ सरला की मी टायरला पाठ टेकवून माघारी तोंड करायची, मंग बंपरवर म्होरं कुनी नसतं. वस्ती बारीक व्हत जाती, बारीक व्हत जाती, आन् मला वाटतं, जाऊ दे तिला. सांजच्याला पुन्हा मोठी व्हईलच.

चढनं-पडनं काय आता जमायचं न्हाय, ते मलाबी कळतं. पोरीचं खरं हाय, मेले आसते. पन घरात बसून मरायचं आसंल तर मंग बंपर काय वाईट व्हता?

जाहेदाला म्हना, दोर बांधायाचं हँडल लई पक्कं केलं. तिच्या बापाच्या हाताला यश हाय.

सारजाबाई

*

तांगडेवस्ती
८ जानेवारी १९८९

प्रिय जाहेदा,

मायचं ते पत्र लिहून झाल्यावर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. राग नव्हता. तीन वर्षं हॉस्टेलच्या खाटेवर पडून मी जिच्यासाठी हळहळत होते, ती माय मी स्वतः तयार केलेली होती. खरी माय पाच-सहा मैलांवर तुमच्या गच्चीत मोसंबी खात होती. याचा धक्का अजून उतरलेला नाही.

तिसऱ्या दिवशी मी दादांना म्हणाले, "माझं जाणं तुम्ही बंद केलं नाहीत. मायचं का करता?" ते म्हणाले, "तू शिकाया गेलीस. ही काय कराया जाती?" मी म्हणाले, "काही न करायला." त्यावर त्यांनी विडी विझवली. मग म्हणाले, "पुढं बसव तिला. माझ्या शेजारी."

गुरुवारी माय पुढं बसली. नाला ओलांडेपर्यंत तिला मळमळायला लागलं. उतरली आणि म्हणाली, "पुढं बसलं की तुमचा रस्ता दिसतो. मला माझा पायजे."

म्हणून आम्ही तिघं त्याच दिवशी चाचांकडं आलो. तू नोकरीच्या मुलाखतीला गेली होतीस, तेव्हा काय ठरलं ते मीच लिहिते. मी वहीत आकृती काढून नेली होती. मायनं ती उलटी धरून पाहिली आणि बाजूला ठेवली. मग जीपच्या मागं जाऊन एकेका गोष्टीवर डावा हात ठेवत चाचांना सांगत गेली. बंपर गोलच राहू दे, पोरगी म्हणते ते बरोबर, तिथं कुणी उभं राहू नये. स्टेपनी उजवीकडंच राहू दे. खिडकी मोकळी पाहिजे, पण आरशासाठी नव्हे. खिडकीच्या आत, फाळक्याला टेकून एक बाक, तोंड मागं करून. चाचा म्हणाले, "भाभी, उलटी सीट? लोग हसेंगे." माय म्हणाली, "हसू द्या. त्यांची तोंडं मला कुठं दिसनार?"

"आणि हँडल?" चाचांनी माझ्याकडं पाहून विचारलं. "कापून टाकू?"

मी म्हणाले, राहू दे. खिडकीतून हात बाहेर काढला की पोचतं.

बाक जोडून होईपर्यंत दुपार झाली. खाला खाली आल्या आणि दादांना म्हणाल्या, "भाईसाब, आता आलाच आहात तर वर चला." दादा लाजले. एवढी वर्षं विमानतळाच्या त्या भिंतीच्या कडेनं गेले, पण कधी थांबले नव्हते. म्हणाले, "मी हितनंच बघतो, गाडीपाशी." मग मायही वर गेली नाही. आम्ही सगळेच जीपच्या मागं उभे राहिलो.

विमान आलं. जाहेदा, मीही पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. आधी आवाज नव्हताच, आणि मग दुसरं काहीच नव्हतं. टाकीवरून ते पोट आलं, खाली चाकं लोंबत, आणि वाटलं आता आपल्यावरच बसतं. चाचा वेल्डिंगचा चष्मा वर करून हसत होते. खालांचे ओठ हलत होते. मी कान झाकून खाली वाकले होते.

पलीकडं धावपट्टीवर चाकं टेकली तेव्हा मायनं तेच शब्द उच्चारले, "आलं बाई सुखरूप." मग तिनं दादांकडं पाहिलं. दादांनी डोळे गच्च मिटले होते आणि दोन्ही हातांनी ते दोर बांधायचं हँडल धरून ठेवलं होतं.

"सोडा आता," माय म्हणाली. "उतरलं ते."

दादांनी डोळे उघडले, पण हँडल सोडलं नाही. म्हणाले, "दुसरं कवा येतं?"

तुझी,
संजीवनी